यापेक्षा चांगलं नाही का?

"गिऱ्हाईक बोलून निघून जातं, पण ते माझ्या डोक्यातून रात्रीपर्यंत जात नाही. मी या कामाला कच्ची आहे का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला मोबाइलच्या दुकानातली मुलं येतात, औषधाच्या काउंटरवरची माणसं येतात. मेघाही तोच घेऊन आली. (नाव बदललंय, लिहायला तिची परवानगी आहे.) लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात ती चार वर्षं काम करते.

यायचं निमित्त मात्र गिऱ्हाईक नव्हतं. एका रात्री सहा वर्षांच्या लेकीने चित्रांची वही पुढे केली आणि विचारलं, "आई, अजून एक दाखवू?" मेघा तिच्यावर खेकसली. पोरगी वही मिटून आजीकडे गेली. "दिवसभर मीच 'अजून एक दाखवू का' म्हणते ना मॅडम. घरी तेच ऐकलं आणि डोकंच फिरलं."

पहिल्या भेटीत मी जे सांगितलं त्याची मला आजही थोडी लाज वाटते. राग आला की दहा श्वास मोजायचे! पुढच्या आठवड्यात तिने शांतपणे विचारलं, "पुढ्यात साड्यांचा ढीग, समोर सात बायका, त्यातल्या तिघी एकदम बोलतायत. श्वास कुठल्या बाईनंतर मोजू?" मी हसले आणि सल्ला मागे घेतला.

मग तिला एक साधं काम दिलं. जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर मनाला लागलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, शेजारी वेळ आणि त्या दिवशी डबा किती वाजता खाल्ला ते. दोन आठवड्यांनी कागद टेबलावर पसरले. सर्वांत जास्त वेळा आलेलं वाक्य होतं, "यापेक्षा चांगलं नाही का?"

"हे कशाबद्दल विचारलं?" मी म्हटलं.

"साडीबद्दल."

"आणि तुला कशाबद्दल ऐकू आलं?"

ती बराच वेळ कागदाकडेच बघत राहिली. मेघा बारावीनंतर शिकली नाही, मोठी बहीण बँकेत आहे. 'यापेक्षा चांगलं' हे शब्द तिला घरातूनच ओळखीचे होते. साडी दाखवताना गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की ती साडीबरोबर स्वतःही नापास व्हायची.

दुसरी गोष्ट वेळेची. सगळी झोंबणारी वाक्यं संध्याकाळी सहानंतरची होती, आणि बहुतेक त्याच दिवसांतली जेव्हा डबा चारला उघडला होता. 'गिऱ्हाईक उठल्यावर खाते' म्हणत ती उपाशी उभी राहायची. माणूस उपाशीपोटी, सुजलेल्या पायांनी उभा असला की साधा प्रश्नही टोमणा वाटतो, हे कळायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी नुसतं बसायला मिळावं म्हणून लढा दिला, आणि 2018 मध्ये तिथला दुकान कायदा बदलला. तमिळनाडूने 2021 मध्ये तेच केलं. आपण मात्र अशा थकव्याला पटकन 'स्वभाव चिडका आहे' म्हणून मोकळे होतो.

सगळ्यात अवघड जायचा तो लग्नाचा बस्ता. मुलीची आई, आत्या, होणारी सासू, नणंद, सगळ्या गादीवर. एकदा मानपानाच्या साड्या काढताना सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असलं हलकं चालत नाही." मुलीच्या आईचा चेहरा उतरला. सासूला त्या काही बोलू शकत नव्हत्या. दोन मिनिटांनी त्या मेघावर घसरल्या, "तुम्हाला कळत नाही का काय दाखवायचं?" मेघाने हे लिहिलं होतं, पण सासूचं आधीचं वाक्य लिहिलंच नव्हतं. मी खोदून विचारल्यावर ते बाहेर आलं. त्या गोतावळ्यात जिच्यावर ओरडलं तर सोयरीक बिघडणार नाही अशी एकच बाई होती, आणि ती मेघा होती.

इथून पुढचा उपाय माझा नव्हे, तिच्या दुकानातल्या एका जुन्या काकांचा. ते तिला म्हणाले, "पसंत करणारी बाई आधी शोधायची. ती बहुतेक सगळ्यात कमी बोलते. साडी तिच्यापुढे उलगडायची आणि बाकीच्यांना चहा सांगायचा." मेघा आता गिऱ्हाईक बसतानाच विचारते, "साडी कुणी पसंत करायचीय, आणि साधारण कितीपर्यंत बघायचंय?" सासूसमोर आकडा बोलला गेला की मुलीच्या आईवरचं अर्धं ओझं उतरतं. मी कितीही शिकले असते तरी मला हे सुचलं नसतं.

पण एक कागद वेगळा होता. एक पुरुष एकटाच यायचा, साडी 'अंगावर लावून दाखवा' म्हणायचा आणि नको ते बोलायचा. मेघाने तोही 'माझंच डोकं तापतं' या गठ्ठ्यात घातला होता. मी तो कागद बाजूला काढला. यात तिने स्वतःला समजवायचं काहीच नव्हतं. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामाची जागा सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि त्यात तिथे संपर्कात येणारी बाहेरची माणसंही येतात. तिने धीर करून शेठजींना सांगितलं. आता तो आला की काका पुढे होतात. शेठजी आधी म्हणाले होते, "जुनं गिऱ्हाईक आहे, सांभाळून घे." हेही सांगायला हवं.

झोंबणं पूर्ण थांबलंय का? नाही. दिवाळीत ती पुन्हा दोनदा रडून आली.

शेवटच्या भेटीला ती पाच मिनिटं उशिरा आली. म्हणाली, "आज बारापर्यंत भवानीच नव्हती. मग एका बाईंनी तीसेक साड्या उलगडायला लावल्या आणि 'बघून सांगते' म्हणून गेल्या."

"मग?"

"मग काय, काठाला काठ जुळवून घड्या घातल्या. दीड वाजला होता. डबा खाल्ला."

"भाजी काय होती?" मी विचारलं.

"गवार," ती म्हणाली. "लेकीला आवडत नाही, तिची उरलेली."