बुधवारी रात्री आठला

प्रश्न : रेडिओ निवेदक अमीन सयानी गेल्याची बातमी ऐकली, त्या रात्री आमचे अण्णा जेवले नाहीत. ‘घरातलं माणूस गेलं’ एवढेच म्हणाले. सयानी सिलोनला (आजच्या श्रीलंकेत) राहत होते, असेच ते आजवर समजत होते. मुंबईचा हा माणूस, मुंबईत आकाशवाणी असताना, सिलोनवरून का बोलत होता? आणि अण्णांना तो आवाज आता कसा ऐकवता येईल? – एक वाचक, सातारा

उत्तर : असा समज असलेले अण्णा एकटेच नाहीत, आमच्या आळीतही सगळ्यांना तसेच वाटे. सयानी मुंबईत जन्मले आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी, मुंबईतच गेले. लोकप्रिय हिंदी चित्रपटगीते क्रमवारीने ऐकवणाऱ्या त्यांच्या ‘बिनाका गीतमाला’चे ध्वनिमुद्रणही मुंबईतच होई. फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथील शक्तिशाली लघुलहरी (शॉर्टवेव्ह) केंद्रावरून दर बुधवारी रात्री आठला तो आवाज साताऱ्यापर्यंत पोहोचे.

हा वळसा पडला तो दिल्लीच्या धोरणामुळे. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीतावर जीव असलेले मराठी गृहस्थ होते. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय गायक-वादकांना केसकरांनी जो आधार दिला त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण लोकांना गाणी हवी होती आणि त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. ३ डिसेंबर १९५२ रोजी गीतमाला सुरू झाली. १९५७ मध्ये आकाशवाणीनेही विविध भारती सुरू केली, तरी गीतमालेचा श्रोता हलला नाही.

तो का हलला नाही, याचे उत्तर मला सयानींच्या घरात सापडते. त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रेरणेने ‘रहबर’ हे नवसाक्षरांसाठीचे नियतकालिक चालवीत. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी, पण लिपी तीन : देवनागरी, उर्दू आणि गुजराती. नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसाला कोणता शब्द कळेल आणि कोणता अडेल, याचा विचार लहानपणी त्या कामात हातभार लावताना अमीन सयानींच्या अंगी मुरला. गीतमालेच्या पहिल्याच कार्यक्रमाला श्रोत्यांची नऊ हजार पत्रे आली, असे ते सांगत. त्यांचे ‘बहनों और भाइयों’ त्या पत्रे लिहिणाऱ्यांसाठी होते, म्हणून ते अण्णांना आपल्या घरातले वाटले.

लघुलहरींवरचा आवाज लाटेसारखा उसळे आणि विरून जाई. गाण्याचे ‘पायदान’, म्हणजे क्रमांक, सांगण्याच्या नेमक्या क्षणी तो विरला की माझे वडील रेडिओच्या जाळीला कान लावत आणि आम्ही मुले ‘कितवं सांगितलं?’ म्हणून त्यांच्या तोंडाकडे पाहत बसत असू.

‘गीतमाला की छाँव में’ ही सयानींच्या निवेदनासह निघालेली ध्वनिमुद्रिकांची मालिका अण्णांसाठी मिळवावी. ‘कारवाँ’ या रेडिओसारख्या दिसणाऱ्या संचातही गीतमालेसाठी वेगळी सोय आहे. ऐकवण्यासाठी बुधवारची रात्रच निवडा, आणि यात खरखर नसेल, आवाज मध्येच विरणार नाही, हे अण्णांना आधी सांगून ठेवा.