दोन वर्षं मोजायची ती विमान उतरल्या दिवसापासून

मुलुंडच्या एका ताईंचं पत्र आहे. अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन त्या फ्रँकफर्टहून मुंबईला परतत होत्या. पहिलं विमान उशिरा सुटलं, त्यामुळे आखातातलं पुढचं विमान चुकलं. रात्रीचे अकरा तास विमानतळाच्या खुर्च्यांवर काढावे लागले. मुलाचे डायपर आणि दुधाची पावडर चेक-इन केलेल्या बॅगेत. हॉटेल मिळालं नाही, बारा युरोचं जेवणाचं कूपन मिळालं. तेव्हापासून कंपनीशी ईमेल चालू आहेत. ‘आता काय करू?’ असं त्या विचारतात. मे महिन्याच्या सुट्ट्या संपल्या की अशी पत्रं येतातच, फक्त विमानतळाचं नाव बदलतं.

ताई, त्रास झाला हे पटवायला तुम्ही तीन पानं लिहिलीत. त्याची गरज नव्हती. खरी महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहे: पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला या प्रवासाला दोन वर्षं होतील. सगळं प्रकरण या एका तारखेवर उभं आहे.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला आपल्याकडे 1972 चा हवाई वाहतूक कायदा लागतो. 1999 चा माँट्रियल करार भारताने 2009 मध्ये स्वीकारला, तो या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. त्यातला नियम 35 म्हणतो की विमान मुक्कामी पोहोचलं त्या दिवसापासून, किंवा पोहोचायला हवं होतं त्या दिवसापासून, दोन वर्षांत दावा केला नाही तर भरपाईचा हक्कच संपतो. इथे नुसता दावा दाखल करायला उशीर होत नाही, मागण्यासारखं काही उरतच नाही. आणि यातला आधीचा दिवस धरून चाला, म्हणजे वाद नको.

तुमचा समज असा दिसतो की कंपनीचं शेवटचं ईमेल आलं तिथून मुदत मोजायची. ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ या छापाची तुमच्याकडे सात ईमेल आहेत. त्यातलं एकही मुदत वाढवत नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतूनच वर गेलेल्या एका माल वाहतुकीच्या खटल्यात सांगितलं की या दोन वर्षांना मुदतीचा कायदा लागत नाही. म्हणजे समोरच्याने मधल्या काळात देणं कबूल केलं म्हणून घड्याळ नव्याने सुरू होतं, हा नेहमीचा आधार इथे मिळत नाही. तो निकाल दुसऱ्या परिशिष्टाबद्दल, म्हणजे माँट्रियलच्या आधीच्या जुन्या कराराबद्दल होता, तुमचा प्रवास तिसऱ्यात बसतो, पण या नियमाची शब्दरचना दोन्हीकडे जवळपास तीच आहे. मी तरी त्या फरकावर पैज लावणार नाही.

त्याच कारणाने ‘मूल अज्ञान आहे, त्याची मुदत अठराव्या वर्षानंतर सुरू होते’ हे तुमच्या दिरांनी सांगितलेलंही सोडून द्या. ती सवलत मुदतीच्या कायद्यातली आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 मध्ये उशीर माफ करण्याची तरतूद आहे खरी, पण हक्कच संपला असेल तर ग्राहक आयोग कशाचा उशीर माफ करणार? काही ठिकाणी माफी मिळालीही असेल, तुम्ही तिच्या भरवशावर राहू नका. बावीस महिने तुम्ही ‘सौजन्याने उत्तर येईल’ म्हणून थांबलात, याचा मला राग येतो, कारण पहिल्या तीन महिन्यांत हे काम निवांत झालं असतं.

आधी वकिली नोटीस पाठवून तीस दिवस थांबायची पद्धत आहे. तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत, आणि ग्राहक तक्रारीला नोटीस सक्तीची नाही. एअरसेवा या विमान प्रवाशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर केलेली तक्रारही दावा ठरत नाही. थेट तक्रार दाखल करा. तुम्ही मुलुंडला राहता, म्हणून वांद्रे पूर्वेचा उपनगर जिल्हा ग्राहक आयोग चालेल. तक्रारदार राहतो तिथे दावा करता येतो, शिवाय प्रवासाचं शेवटचं ठिकाण मुंबईच आहे. तिकिटांची किंमत पाच लाखांच्या आत असल्यामुळे फी लागत नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरबसल्या भरता येते. कागदांत त्रुटी निघाली तर दुरुस्तीला दिवस जातात, म्हणून 13 तारखेच्या रात्री बसू नका, याच आठवड्यात भरा आणि दाखल केल्याची पोच जपून ठेवा. मुलाचं नाव वेगळा तक्रारदार म्हणून घाला, ‘अज्ञान, पालनकर्ती आई मार्फत’ असं.

तक्रारीत काय लिहायचं? विमान उशिरा सुटलं यावर सगळा जोर देऊ नका. कंपनी हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रण पुढे करेल. त्याच कराराच्या नियम 19 प्रमाणे शक्य ते सगळे उपाय केले हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर आहे, तरी तिथे निकाल कुठेही झुकू शकतो. त्याऐवजी पुढच्या अकरा तासांवर या. तुम्ही काउंटरवर किती वाजता गेलात, काय मागितलं, काय उत्तर मिळालं. बॅगेतलं दूध काढून द्या म्हणून विनवणी केली आणि ‘सामान पुढच्या विमानात लागलं आहे’ म्हणून नाही म्हटलं, ही तुमच्या पत्रातली गोष्ट वेळेसकट लिहा. पहाटे विमानतळावरच्या औषधांच्या दुकानातून दूध पावडर आणि डायपर घेतल्याची पावती तुम्ही ठेवली आहे, ती या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद आहे. आकाशात ढग होते, म्हणून त्या खर्चाचं कारण बदलत नाही. व्हॉट्सअॅपचे संदेश आणि फोटो जोडताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत द्या.

रक्कम किती मिळेल, ते मी सांगणार नाही. करारात उशिरासाठी माणशी कमाल मर्यादा आहे. ती छत आहे, ठरलेली भरपाई नव्हे, खर्च दाखवावाच लागतो. मानसिक त्रासाचे पैसे आपले आयोग देतात, पण या करारात ते कितपत बसतात यावर वाद होतोच. कंपनीचं कूपन घेताना ‘सर्व दावे मिटले’ अशा मजकुरावर टिचकी मारली होती का, तेही ईमेलमध्ये शोधा. मारली असेल तर कंपनी ते पहिल्याच तारखेला काढेल.

बाबागाडीचं चाक मोडलं, त्याचे पैसे मात्र विसरा. मोडतोडीची तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी द्यायची असते, आणि तुम्ही बेल्टपाशी उभ्या कर्मचाऱ्याला तोंडी सांगून टॅक्सी पकडलीत. मूल रडत होतं हे मला समजतं, पण घरून एक ईमेल तरी जायला हवं होतं. उशिरा आलेल्या सामानाला ही मुदत एकवीस दिवसांची असते.

आता एक वाट जी तुमच्या लक्षात आलेली नाही. युरोपीय संघाच्या विमानतळावरून सुटणाऱ्या विमानाला, कंपनी कुठल्याही देशाची असो, त्यांचा 261/2004 हा नियम लागतो. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर होती, म्हणून उशीर मुंबईत पोहोचण्याच्या वेळेवरून धरला जातो. तीन तासांहून जास्त उशीर आणि 3,500 किलोमीटरच्या वर अंतर, म्हणजे माणशी 600 युरोपर्यंत भरपाई, कंपनीच्या हाताबाहेरचं असाधारण कारण नसेल तर. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड सहसा असाधारण धरत नाहीत. मुलाचं स्वतःचं सीटचं तिकीट होतं, त्यामुळे त्याचीही मागणी करा. मांडीवरच्या बाळाबाबत मात्र तिथे वाद आहे. जर्मनीत ही मुदत प्रवासाचं वर्ष संपल्यापासून तीन वर्षांची, म्हणजे तिकडे तुमचा वेळ शिल्लक आहे. पण ती मागणी तिथल्याच कोर्टात चालते असं धरा. कंपनीला आजच स्वतंत्र पत्र लिहा, या नियमाचा क्रमांक घालून. त्याच्या उत्तराची वाट बघत मुंबईची तक्रार अडवू नका.

ती तक्रार किती चालेल? कायद्यात तीन महिने लिहिले आहेत, प्रत्यक्षात वर्षं जातात. लहान मुलाला घेऊन तारखांना हेलपाटे घालणाऱ्या आईकडून एवढ्या धीराची अपेक्षा करणं अन्यायच आहे. निदान कंपनीला मोकळीक देऊ नका. तिला उत्तर द्यायला तीस आणि जास्तीत जास्त पंधरा दिवस आहेत, त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवलं आहे. नोटीस बजावल्याची तारीख मिळवा, आणि सेहेचाळिसाव्या दिवशी उत्तर घेऊ नये असा एक पानी अर्ज आयोगात देऊन ठेवा.