वडिलांना फिरताना ऐकायला जुना आयपॉड शफल घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की वडील सत्तरीचे आहेत, रोज सकाळी फिरायला जातात, शास्त्रीय आणि नाट्यसंगीत ऐकतात, फोन सोबत नको म्हणतात, आणि ओळखीतून चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१० साली आलेला चौकोनी शफल (अॅपलचा गाणी ऐकायचा चिमुकला प्लेअर) मिळतोय. माझ्याकडे तोच आहे आणि अजून वापरात आहे, म्हणून सांगतो. वडिलांना आवडेल. काम मात्र तुमच्या मागे लागेल.

वजन साडेबारा ग्रॅम. सदऱ्याच्या खिशाच्या काठाला चिमट्याने अडकवला की अंगावर काही आहे हेही जाणवत नाही. पडदा नाहीच, त्यामुळे चष्मा घरी राहिला तरी अडत नाही, बटणं बोटांना कळतात. मध्येच कुणाचा फोन नाही, व्हॉट्सअॅपची टुणटुण नाही, जाहिरात नाही. बॅटरी नवी असताना कंपनी १५ तास सांगायची. वरच्या बाजूला एक बारीक बटण आहे. ते दाबलं की चालू गाण्याचं आणि गायकाचं नाव बोलून दाखवतो, लागोपाठ दोनदा दाबलं की बॅटरी किती उरली ते सांगतो. ही नावं तो आयत्या वेळी वाचत नाही बरं का. गाणी भरताना आयट्यून्स (गाणी भरायचं अॅपलचं सॉफ्टवेअर) संगणकावरच त्या घोषणा तयार करतं आणि गाण्यांसोबत आत पाठवतं. त्यामुळे नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये असली की उच्चार अगदी साहेबी. माझ्या शफलमधल्या बाई ‘बागेश्री’चं जे काही करतात ते ऐकून घरात अजून हसतात.

खरा प्रश्न वडिलांच्या आवडीचा आहे. २००५ साली पहिला शफल आला तो तीन-चार मिनिटांची गाणी डोळ्यांसमोर ठेवून, त्यातलं कुठलंही आधी लागलं तरी काय बिघडलं, असा हिशेब होता. आपल्या सीडीवर विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत दुसऱ्या, सतार-सरोद असेल तर संथ ‘आलाप’, मग ‘जोड’, शेवटी जलद ‘झाला’, तिन्ही वेगवेगळे. शफल उलटसुलट वाजवायला ठेवलात तर सकाळी सहाला थेट ‘झाला’ सुरू होतो आणि आलाप घरी पोचताना. हे टाळायचं तर वरचं सरकतं बटण मधल्या खाचेत ठेवायचं, मग गाणी क्रमाने लागतात. त्याहून पक्की सोय म्हणजे सीडीवरून गाणी घेतानाच आयट्यून्समधल्या ‘जॉइन सीडी ट्रॅक्स’ने अख्खा राग एका फाइलमध्ये जोडून टाका.

मग दुसरी अडचण येते. पन्नास मिनिटांचा राग अर्ध्यावर असताना वडिलांनी पुढचं काही लावलं, तर परत आल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून. बटण दाबून धरलं की पुढे सरकतो, पण अंदाजाने, कारण किती मिनिटं झाली हे दाखवायला पडदा कुठाय? यासाठी आयट्यून्समध्ये फाइलच्या ‘गेट इन्फो’त जाऊन ‘ऑप्शन्स’मध्ये ‘रिमेंबर प्लेबॅक पोझिशन’वर खूण करा. शेजारीच ‘स्किप व्हेन शफलिंग’ आहे, तीही करा. मग नाट्यगीतं खुशाल उलटसुलट वाजू द्या, मोठे राग त्यात घुसणार नाहीत. एवढं केलं की शफल आपल्या संगीताला बऱ्यापैकी वळतो.

जागा २ जीबी. आजच्या मानाने हसू येईल, पण १२८ केबीपीएस दर्जाच्या फाइलला मिनिटाला जेमतेम १ एमबी लागतो, म्हणजे तीसेक तासांचं गाणं सहज मावतं. रोज तासभर चालणाऱ्या माणसाला महिना पुरलं.

आता भरायचं कुणी? फाइल नुसती ओढून टाकली तर आत जाऊन बसते, वाजत नाही. आयट्यून्सच लागतं, नव्या मॅकवर त्याऐवजी त्यातलंच फाइंडर. महिन्याचे पैसे भरून ऐकायची गाणी यात जात नाहीत, अॅपलची स्वतःचीसुद्धा नाही. स्वतःच्या फाइली हव्यात. घरात सीड्यांचा खण असेल तर उत्तम, पण हल्लीच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, तोही बाहेरून जोडा. शफल ऐकणारा एक आणि भरणारा दुसरा, अशा दोघांचं हे यंत्र आहे. तुम्ही परगावी राहत असाल आणि तिकडे हे करणारं कुणी नसेल, तर घेऊ नका. महिन्याभरात वडिलांना तीच गाणी पाठ होतील आणि शफल खणात जाईल.

बाकीच्या उणिवा झटपट सांगतो. रेडिओ नाही, तेव्हा आकाशवाणीची सवय असेल तर हिरमोड होईल. ब्लूटूथ नाही. चार्जिंग हेडफोनच्या भोकातूनच होतं, म्हणून चार्ज होताना ऐकता येत नाही.

सॅनडिस्कचा क्लिप प्लसही (२००९) आता जुनाच मिळेल. त्यात छोटा पडदा आहे, एफएम आहे, मेमरी कार्ड बसतं, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) चालतं आणि फाइल ओढून टाकली की झालं. मला स्वतःला निवडायला सांगितलं तर तोच घेईन. पण त्या पडद्यावरची अक्षरं सत्तरीच्या डोळ्यांना फार बारीक आहेत, म्हणून वडिलांसाठी शफल.

घेताना चिमटा उलटून नीट बघा. शफलसारखे दिसणारे नकली प्लेअर बाजारात भरपूर होते, त्यांना कार्डाची खाच असते. अस्सल शफलला हेडफोनच्या भोकाशिवाय दुसरं भोक नाही. २००९चा लांबट, बिनबटणांचा शफल कुणी गळ्यात मारत असेल तर नको. त्याची बटणं इअरफोनच्या वायरवर असतात, त्यामुळे साधा इअरफोन लावला तर आवाजही कमी-जास्त करता येत नाही. शफलचं उत्पादन २०१७ मध्येच थांबलंय, म्हणजे बॅटरी म्हातारीच असणार आणि ती सहज बदलता येत नाही. पूर्ण चार्ज करून दोन-तीन तास सलग वाजवून बघा, मगच पैसे द्या. सोबत ती आखूड केबल मागून घ्या. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्याला हेडफोनची पिन असते, फोनची कुठलीच केबल तिथे चालत नाही.