‘मुलीला सातवं लागलंय, मॅडम’

पुण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बोहरी समाजातली आई येऊन बसते आणि म्हणते, ‘मुलीला सातवं लागलंय, मॅडम.’ पुढचं तिने सांगायची गरज उरत नाही. खतना करायचा नाहीये, पण नाही म्हटलं तर सासर दुरावेल, जमात दुरावेल. ही काळजी मी इतक्या वेळा ऐकली आहे की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं.

दाऊदी बोहरा समाजात साधारण सातव्या वर्षी मुलीच्या शिश्निकेवरची (क्लिटोरिसवरची) त्वचा किंवा तिचा तुकडा कापतात; हाच खतना. याचा वैद्यकीय फायदा काडीचाही नाही. जागतिक आरोग्य संघटना याची गणना स्त्रीच्या जननांगाच्या विच्छेदनात करते.

ज्या आईबद्दल सांगतेय, ती शिकलेली, कमावती. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) तिने उपाय शोधूनच ठेवला होता. ‘करून आणलं, असं खोटंच सांगते.’ मी तिला अडवलं नाही. मुलगी वाचणार असेल तर खोटं बोलणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. फक्त विचारलं, ‘आणि नणंदेच्या मुलीचं काय?’

ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘सासूबाई ऐकणाऱ्यातल्या नाहीत.’

‘त्यांच्या वेळी काय झालं होतं, हे कधी विचारलंत?’

‘असं कसं विचारणार?’

माझं सगळं काम या प्रश्नाभोवती फिरतं. माणूस एकटा बदलत नाही, घर बदलतं, असं मी मानते. मुलीला धरून नेणारी आजी माझ्या लेखी खलनायिका नाही. तीही कधीतरी सात वर्षांची होती.

चौथ्या भेटीला तिच्याबरोबर सासूबाई आल्या. अंगात निळा रिदा, म्हणजे बोहरी बुरखा, हातात तसबीह, म्हणजे जपमाळ, चेहऱ्यावर ‘काय शिकवणार आहात ते बघू’ असा भाव. मी खतन्याचं नावच काढलं नाही. लहानपणी घर कुठे होतं, एवढंच विचारलं. सिद्धपूरला. मग हवेली, रंगीत काचा, गच्चीवरची वाळवणं, भावंडं. अर्धा तास त्या एकट्याच बोलत होत्या. बोलता बोलता आवाज खाली आला.

‘फोई, म्हणजे आत्या, म्हणाली, जलेबी खायला जाऊ.’

आम्ही दोघी थांबून राहिलो.

‘जलेबी मिळाली. नंतर. मी खाल्ली नाही. अजून खात नाही.’

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. ‘बारा वर्षं मला वाटतंय, तुम्हाला शुगर आहे म्हणून...’

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना शुगर कधीच नव्हती.

इतक्या वर्षांच्या कामात मला वादाने जिंकलेलं एकही घर आठवत नाही. या घरातही धर्माबद्दल किंवा आरोग्याबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते. ती न खाल्लेली जलेबी फक्त आमच्या तिघींच्या मध्ये आली. थोड्या वेळाने सासूबाई जरा रागानेच म्हणाल्या, ‘माझ्या आईनेच पाठवलं होतं. ती काय वाईट होती?’

‘नाही. पण तुम्हाला काय वाटलं, हे तिला कुणी सांगितलं नाही. आज तुम्ही सांगितलंत.’

खरी भीती त्यानंतर बाहेर आली. लोक काय म्हणतील? हिचं लग्न कसं होईल? उत्तर सुनेने दिलं. सिडनीतल्या दुसऱ्या नणंदेच्या मुलींचा खतना झालेला नाही. तिथल्या जमातीनेच २०१६ मध्ये पत्र काढून, देशाच्या कायद्यामुळे तो करू नका, असं सांगितलं होतं. ‘त्या काय बोहरी राहिल्या नाहीत?’

‘लोक काय म्हणतील’ यातले लोक बहुतेकदा आपल्यासारखेच घाबरलेले असतात. खतन्याविरुद्ध काम करणाऱ्या ‘सहियो’ संस्थेने २०१७ मध्ये ३८५ बोहरी स्त्रियांचं ऑनलाइन सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यातल्या ८० टक्के स्त्रियांचा खतना झालेला होता, आणि ८१ टक्के स्त्रियांना तो पुढे चालू राहायला नको होता. हे सगळ्या बोहरी स्त्रियांचं मत नाही, हे मान्य. तरी एवढ्या जणींना नको असलेली गोष्ट चालू राहते, कारण प्रत्येकीला वाटतं, आपल्या एकटीलाच नकोय.

सेनेगलमध्ये १९९७ साली मालिकुंडा बम्बारा गावच्या बायकांनी ही प्रथा सोडल्याचं जाहीर केलं. तेव्हा शेजारच्या गावातले इमाम देम्बा दियावारा यांनी मर्म ओळखलं: जिथे सोयरीक होते ती सगळी गावं एकत्र ठरवतील, तरच मुलींच्या लग्नाची भीती संपेल. ते पायी गावोगाव हिंडले आणि १९९८ मध्ये १३ गावांनी मिळून शपथ घेतली.

म्हणून मी आयांना सांगते, आधी आणखी दोन घरं शोधा. बहीण, जाऊ, मैत्रीण, कुणीही. ‘सहियो’च्या ‘थाळ पे चर्चा’मध्ये बोहरी स्त्रिया एका थाळाभोवती जेवता जेवता यावरच बोलतात, आणि बोहरी घरात थाळाइतकी ओळखीची जागा दुसरी नाही. नवऱ्याला अंधारात ठेवू नका. अनेक बापांना खतना म्हणजे नेमकं काय, हेच ठाऊक नसतं. कळल्यावर ते ठाम उभे राहिलेले मी पाहिलेत. आणि वाळीत टाकायची धमकी आली, तर महाराष्ट्रात २०१७ पासून सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा लागू आहे, हे लक्षात असू द्या.

गेल्या महिन्यात त्या सासूबाईंचा फोन आला. त्यांच्या बहिणीच्या नातीला सातवं लागलंय. ‘बहिणीला घेऊन येऊ का? तिला काही सांगितलेलं नाही. आमच्या जुन्या घराबद्दल विचारा, बोलेल.’ मी त्यांना बुधवारची वेळ दिली.