वीस आणि तीस मिळून दोन हजार तीस!

नमस्कार,

तुम्ही कोल्हापूरहून लिहिता की, लेक बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, घरीच जावास्क्रिप्ट ही वेबपानांची प्रोग्रामिंग भाषा शिकतेय, पण दोन आठवडे झाले तरी व्हेरिएबल (किंमत, म्हणजे मूल्य, साठवून ठेवणारं नाव) आणि स्ट्रिंग (मजकूर) यांतच घुटमळतेय. 'तिला हे झेपणार नाही का? चाळीस हजार भरून थेट रिॲक्टच्या (जावास्क्रिप्टवर उभ्या असलेल्या पुढच्या साधनाच्या) क्लासला घालू का?'

पैसे तूर्त बँकेतच राहू द्या. पत्रात एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: तिने वेबपानावरच्या दोन चौकटींत २० आणि ३० गुण भरले, बेरीज २०३० आली आणि ती रात्री एकपर्यंत त्यावर बसून होती. हे वाचल्यावर मला तिची काळजी उरली नाही.

चौकटीत टाइप केलेलं सगळं जावास्क्रिप्टच्या हाती स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसता मजकूर म्हणून येतं. अधिकचं चिन्ह मजकुराला मजकूर जोडतं, म्हणून २०३०. गंमत म्हणजे तिथे वजाबाकी केली असती, तर भाषेने गुपचूप आकडे धरून उत्तर बरोबर दिलं असतं. चूक लपते ती अशी. दोन्ही किमती आधी 'नंबर'मध्ये बदलून घेतल्या की ५० येतील.

मात्र दिसला आकडा की कर नंबर, असंही नको. तुमच्या गावचा एसटीडी कोड ०२३१. तो नंबर केला की पुढचं शून्य गेलं. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नसते, ते फोन नंबर, पिनकोड वगैरे स्ट्रिंगच ठेवावेत.

व्हेरिएबलवर फार दिवस घालवू नयेत. व्हेरिएबल तयार करताना त्याला किंमत पुन्हा द्यायची नसेल तर कॉन्स्ट हा शब्द वापरायचा, द्यायची असेल तर लेट. ही दोन्ही २०१५ पासून भाषेत आहेत. जुन्या व्हिडिओंत त्याच कामासाठी दिसणारं व्हार वाचता आलं म्हणजे झालं.

आणि तिला 'कोल्हापूर' या स्ट्रिंगची लांबी विचारून बघायला सांगा. आपल्या हिशेबाने अक्षरं चार, उत्तर येईल ९. काना, मात्रा, उकार आणि 'ल'चा पाय मोडणारं चिन्हसुद्धा वेगळं मोजलं जातं. मराठी नावांसाठी फॉर्म करताना 'फक्त २० अक्षरं' अशी अट घालणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर लांब नावाच्या माणसाचं आडनाव अर्ध्यात तुटतं.

दिवाळीपर्यंत तिला गुणपत्रकाचं एक पान स्वतः पूर्ण करू द्या: नाव, पाच विषय, बेरीज, टक्के. ते झालं की पुन्हा लिहा, रिॲक्टचं तेव्हा बघू.