फोनवरून चिंताविकारावर उपचार होऊ शकतात का?

कोविडच्या महासाथीत दवाखान्यात जाता येत नसताना चिंताविकारावर फोनवरून उपचार होतात का, असे आपण विचारले आहे. माझे झाले. मला पॅनिकचे, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीचे, झटके आधीपासून येत होते आणि 2020 च्या टाळेबंदीत मी बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी आईबाबांबरोबर होतो.

खरी अडचण अशी होती की धाप लागणे आणि छातीत धडधडणे ही माझ्या झटक्याचीच लक्षणे होती, आणि त्याच धापेची सगळ्या शहराला धास्ती होती. मी दिवसातून तीस-तीस वेळा रक्तातला ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिमीटर बोटाला लावत असे. 98 दिसले की दहा मिनिटे बरे वाटे, मग पुन्हा शंका. माझ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी व्हिडिओवर हे ऐकले आणि सांगितले की प्रत्येक तपासणीमुळे भीतीला खतपाणी मिळते आहे. त्यांनी तपासणी सकाळ-संध्याकाळ एकेकदाच ठरवून दिली; ताप-खोकला आला तर अधिक वेळा, आणि आकडा 94 च्या खाली गेला तर विनाविलंब डॉक्टरांना फोन. त्यानंतर त्या मला घरातला जुना लाकडी जिना भरभर चढायला लावत आणि छाती धडधडू लागली की काहीही न करता, ती आपोआप शांत होईपर्यंत तिथेच बसवून ठेवत. पहिले काही दिवस मला रडू येई. पण धडधड म्हणजे संकट नव्हे, हे शरीराला असेच शिकवावे लागते, आणि त्यासाठी दवाखान्याच्या खोलीपेक्षा घरचा जिनाच उपयोगी पडला.

औषधांचे म्हणाल तर, 25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्यामुळे माझे एस्सिटालोप्राम हे चिंता आणि नैराश्यावरचे औषध फोनवरच चालू राहिले. या गटातल्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने एकदम बंद करू नयेत. अल्प्राझोलाम ही चिंता लगेच शमवणारी गोळी मात्र अंमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत असल्याने फोनवर लिहून मिळत नाही. तेव्हा मला राग आला होता, पण त्याची सवय किती लवकर लागते हे समजल्यावर तो नियम पटला.

छातीत प्रथमच दुखत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर फोनवरच्या उपचारावर विसंबून राहू नका, प्रत्यक्ष जाऊन दाखवा. बडोद्यात कारेलीबागेत सरकारी मनोरुग्णालय आहे. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल, तर ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक सुरू आहे, त्यावर आजच बोला.