आंब्याची पट्टी आणि रोज अप्पर सर्किट लागणारा शेअर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. यंदाच्या आंब्याचे 4 लाख हातात आलेत. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपने सुचवलेला शेअर 18 वरून 41 वर गेलाय, रोज अप्पर सर्किट लागतंय, म्हणजे दिवसाला चढायची कमाल मर्यादा गाठतोय, गावातल्या दोघा मित्रांनी घेतलाय आणि बाबा म्हणतायत एफडी कर. घेऊ का, असं तू विचारतोयस.

घेऊ नकोस. एक रुपयाचाही घेऊ नकोस. का, ते नीट लिहिते. माझी अठ्ठावीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात बँकेच्या काउंटरमागे गेली, सासरची आंब्याची कलमं पावस गावाच्या बाजूला आहेत आणि माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरेतुरे करते.

आधी तो 41 चा आकडा बघू. ज्या शेअरला 5 टक्क्यांचं सर्किट असतं तो दिवसाला त्याहून जास्त चढू शकत नाही आणि उतरूही शकत नाही. 18 चे 41 व्हायला अशी 17 सत्रं पुरतात. या 17 दिवसांत कंपनीने नवीन काय केलं? तुझ्या एवढ्या मोठ्या प्रश्नात ती कंपनी काय बनवते हे कुठेच आलेलं नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. कलम विकत घेताना तू झाड बघतोस, जमीन बघतोस, पाणी कुठून येतं ते विचारतोस. इथे फक्त भाव ऐकलायस.

वाशीच्या घाऊक बाजारात हंगामाची पहिली पेटी पोचते तेव्हा काय होतं ते तुला ठाऊकच आहे. पेटीची पूजा होते, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी पेपरात भाव छापून येतो. तो भाव खोटा नसतो, पण तो त्या चार-दोन पेट्यांचा असतो. तो धरून कुठलाही बागायतदार आपल्या पाचशे पेट्यांचा हिशेब मांडत नाही, कारण मे महिन्यात सगळ्या कोकणातला माल एकदम उतरला की पट्टीवर, म्हणजे दलालाच्या विक्रीच्या हिशेबावर, काय आकडा येतो ते आपण दरवर्षी बघतो. अप्पर सर्किटचा भाव म्हणजे त्या पहिल्या पेटीचा भाव. अशा छोट्या कंपनीचे बहुतेक शेअर प्रवर्तक, म्हणजे कंपनी काढणारे मालक, आणि त्यांच्या जवळच्या मंडळींकडे असतात, बाजारात फिरणारा माल थोडा असतो. थोड्याशा खरेदीने, कधी कधी आपापसातल्याच खरेदी-विक्रीने, भाव वर सरकतो. पडद्यावर 41 दिसतात, पण ज्यांच्याकडे लाखांनी शेअर आहेत त्यांना ते 41 ला विकायचे तर तेवढं गिऱ्हाईक लागतं. ग्रुप, व्हिडिओ, नफ्याचे स्क्रीनशॉट हे सगळं ते गिऱ्हाईक गोळा करण्यासाठी चालतं. तुझे 4 लाख त्यांना तिथे हवे आहेत.

हा माझ्या मनाचा संशय नाही. 2022 च्या जुलैत साधना ब्रॉडकास्ट नावाच्या एका छोट्या कंपनीबद्दल यूट्यूबवर व्हिडिओ आले. मोठा उद्योगसमूह ही कंपनी ताब्यात घेतोय, अशा खोट्या बातम्या त्यांत होत्या, आणि लोकांपर्यंत ते पोचावेत म्हणून पैसे देऊन जाहिरात केलेली होती. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मार्च 2023 मध्ये त्यावर आदेश काढला. त्यात एक आकडा आहे तो माझ्या डोक्यातून जात नाही: लहान भागधारक 2,167 होते, ते काही महिन्यांत 55,343 झाले. आणि भाव चढलेला असताना विकणाऱ्यांत प्रवर्तकांपैकीही काही जण होते. त्या नव्याने शिरलेल्या त्रेपन्न हजारांत आपल्यासारखे किती असतील, कुणी लग्नाचे, कुणी घराच्या कौलांचे पैसे घातले असतील, असं मनात येत राहतं.

टेलिग्रामचंही तसंच. जानेवारी 2022 मध्ये सेबीने ज्या चॅनेलवर कारवाई केली तिथली रीत सरळ होती. चालवणारे आधी स्वतः शेअर घ्यायचे, मग चॅनेलवर 'घ्या' म्हणून टाकायचे, लोक तुटून पडले की स्वतःचा माल त्यांच्या गळ्यात घालायचे. तुला मेसेज येतो तेव्हा पाठवणाऱ्याची खरेदी कधीच होऊन गेलेली असते.

आता घरातली गोष्ट सांगते. दिरांची परवानगी घेतली आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा तयार फळाचा बागेत सडा पडला होता, तीन मोठी कलमं मुळासकट गेली. दीर हिशेबाचे पक्के, उधारी न ठेवणारे. पण त्या पावसाळ्यात त्यांच्या मनाने एकच घेतलं की वादळाने नेलेलं कुठूनतरी भरून यायला हवं. एका ग्रुपवरून त्यांनी एक शेअर 63 ला घेतला, अडीच लाखांचा. नव्या लागवडीसाठी आणि फवारणीसाठी राखलेले पैसे होते ते. दुसऱ्या दिवशी 66 झाला. त्या रात्री जेवताना ते कितीतरी दिवसांनी हसले होते. तिसऱ्या दिवसापासून लोअर सर्किट.

लोअर सर्किट म्हणजे काय, हे मी आधी पुस्तकात वाचलं होतं. घरात बघितलं तेव्हा कळलं. सकाळी नऊला विकायची ऑर्डर टाकायची, वर लाखो शेअर विकायच्या रांगेत, आणि घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. दुपारी साडेतीनला ऑर्डर रद्द. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, 5 टक्के खाली. ग्रुपवर सांगत होते की कमजोर लोकांना बाहेर काढतायत, धरून ठेवा. मग एके दिवशी ग्रुपच नाहीसा झाला. सव्वा महिन्याने शेअर 19 ला सुटला. अडीच लाखांचे पाऊण लाख. आंबा अगदी पडला तरी शेवटी कॅनिंगवाला किलोवर उचलतो. त्या शेअरला तेवढाही कुणी नव्हता.

पुढच्या वर्षी दोन फवारण्या कमी झाल्या, मोहोरावर तुडतुडे आले. म्हणजे नुकसान शेअरपुरतं राहिलं नाही, पुढच्या हंगामातही शिरलं. हे तू नीट समजून घे, कारण मुंबईत नोकरी करणाऱ्या तुझ्या मित्राला पुढच्या एक तारखेला पगार आहे. तुला पुढचा पैसा पुढच्या आंब्यालाच. तुझ्या शेअरला फक्त 10 लोअर सर्किट लागली तरी 4 लाखांचे 2 लाख 40 हजार होतात.

ग्रुपचा ॲडमिन दाखवतो ते नफ्याचे स्क्रीनशॉट मनावर घेऊ नकोस. 'बाप ऑफ चार्ट' या नावाने शेअर बाजाराचे क्लास चालवणाऱ्यावर सेबीने ऑक्टोबर 2023 मध्ये आदेश काढला. लोकांकडून घेतलेले 17 कोटींवर रुपये वेगळ्या खात्यात जमा करायला सांगितले. ज्या अडीच वर्षांत तो लोकांना कमवायला शिकवत होता, त्यात त्याचा स्वतःचा ट्रेडिंगमधला तोटा सुमारे 3 कोटींचा होता. फ्युचर्स आणि ऑप्शन्सचं, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांचं, कुणी सुचवलं तर तेही आत्ताच सांगून ठेवते: सेबीच्याच सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या दर 100 वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 तोट्यात गेले.

सल्ला देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचार. रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने. तो सेबीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघ, कारण दुसऱ्याचा क्रमांक आपला म्हणून छापणारेही आहेत. शेअरचं नाव एनएसई-बीएसईच्या एएसएम किंवा जीएसएम या देखरेखीच्या यादीत आहे का ते बघ. आणि ग्रुपवाल्यांनी त्यांचंच ॲप डाउनलोड करायला सांगितलं, किंवा पैसे ब्रोकरऐवजी कुणा ट्रेडर्स-एंटरप्रायझेसच्या चालू खात्यात भरायला सांगितले, तर तिथे शेअर नसतोच. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक आजोबा माझ्या काउंटरला असे पैसे पाठवायला आले होते. ॲपवर नफा दिसत होता, तो काढायला आधी 'टॅक्स' भरा म्हणाले होते. त्यांना थांबवता आलं, पण त्याआधीचे गेलेच होते. असं काही झालं तर तासाचाही उशीर न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

मग 4 लाखांचं काय? बाबांचं बरंचसं ऐक. आधी पुढच्या हंगामाचा खर्च, खत, फवारणी, राखण, पेट्या, बाजूला काढ आणि त्याची मुदत ठेव कर. पीककर्ज असेल तर ते मुदतीत फेड. 3 लाखांपर्यंतच्या कर्जाला वेळेत फेडणाऱ्याला 7 टक्क्यांचं व्याज 4 टक्क्यांवर येतं. हा फायदा खात्रीचा आहे आणि कुठलाच ग्रुप तो सांगणार नाही. एक पावसाळा घर चालेल एवढे बचत खात्यात असू देत. एवढं करून उरतील, माझ्या अंदाजाने लाखभर, ते शेअर बाजारात घालायचेच तर निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीतल्या 50 मोठ्या कंपन्यांत पैसे वाटून घालणाऱ्या म्युच्युअल फंडात घाल, तेही एकदम नको, वर्षभरात वाटून. त्यातही उतार असतो. 2020 च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी सुमारे 38 टक्के पडला होता. म्हणून सात-आठ वर्षं हात लावायची गरज नाही असेच पैसे तिथे ठेव. तुझ्या वयाला बाजार शिकायलाच हवा, मी त्याच्या विरोधात नाही. मी स्वतः 2004 पासून आहे.

आणि त्या दोघा मित्रांचं. त्यांना आज रात्रीच फोन कर. अप्पर सर्किट लागलेलं असतं तेव्हा घेणाऱ्यांची रांग असते, विकायची ऑर्डर टाकली की लगेच सुटते. लोअर लागायला लागलं की ते दार बंद होतं. उद्या सकाळी सव्वानऊला विकून टाका म्हणावं, भाव 41 असो वा 43. ऐकले नाहीत तर निदान घातलेलं मुद्दल तरी काढून घ्या म्हणावं. आणि पीककर्जाची शेवटची तारीख काय आहे ते इथे कळव, मी व्याजाचा हिशेब करून देते.